ओमेगा जुळेना: एका ग्लायकनच्या त्रिमितीय मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका प्रयोगशाळेकडे एक लेक्टिन होतं. लेक्टिन म्हणजे ठरावीक शर्करा ओळखून तिला धरणारं प्रथिन. हे लेक्टिन मॅनोज ही शर्करा असलेले ग्लायकन, म्हणजे शर्करांच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या, पकडायचं आणि त्यातही सात शर्करांच्या एका ग्लायकनवर त्याची पकड जास्त घट्ट होती. त्या सातांत दोन एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन आणि पाच मॅनोज. प्रयोगशाळेने या जोडीची स्फटिकरचना काढली होती, मोकळ्या ग्लायकनचं एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजून रेणूची ठेवण कळवणारं तंत्र) केलं होतं आणि बंधनाची ताकद आयटीसीने, म्हणजे उष्णता मोजून, तपासली होती. आता प्रश्न उरले होते ते असे: हा ग्लायकन पाण्यात कसा वळतो, लेक्टिनमध्ये शिरताना त्यातली कुठली ठेवण निवडली जाते, आणि प्रथिनातलं कोणतं अमिनो आम्ल बदललं तर पकड सैल होईल?

हे काम मॉडेलिंग करणाऱ्या दुसऱ्या गटाकडे आलं. तिथे एक गटप्रमुख आणि पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी असे दोघेच हे पाहत होते. मी त्यांच्या चर्चांना बसायचो, कामात हात नव्हता. प्रथिनाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील खाली गाळले आहेत.

शर्करांचं मॉडेल प्रथिनांपेक्षा जास्त का अडतं, हे आधी सांगायला हवं. दोन ग्लायसिन जोडली की एकच डायपेप्टाइड मिळतं. दोन ग्लुकोज सहा अणूंच्या कड्याच्या रूपात जोडली तर अकरा वेगवेगळी डायसॅकराइड्स होऊ शकतात. पहिलीचा पहिला कार्बन दुसरीच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या जागी जोडला जातो आणि प्रत्येक जोड अल्फा किंवा बीटा (पहिल्या कार्बनवरच्या बंधाच्या दोन दिशा) असते, हे झाले आठ. दोन्हींचे पहिले कार्बन एकमेकांना जोडले तर आणखी तीन. माल्टोज आणि सेलोबायोज यांत फरक एवढाच की एकातली जोड अल्फा आहे, दुसऱ्यातली बीटा. तरी एकाची साखळी वाढली की स्टार्चमधला अमायलोज होतो आणि दुसऱ्याची वाढली की सेल्युलोज.

रचना ठरली तरी आकार ठरत नाही. प्रत्येक ग्लायकोसिडिक बंधाभोवती, म्हणजे दोन शर्करांना जोडणाऱ्या बंधाभोवती, फाय आणि साय असे दोन टॉर्शन (पिळाचे) कोन फिरतात. प्रथिनांच्या कण्यासाठी रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये फाय-सायचा नकाशा मांडला, शर्करांचे नकाशे त्याच पद्धतीने काढले जातात. जोड सहाव्या कार्बनवरून असेल तर मात्र मध्ये आणखी एक एकेरी बंध येतो आणि ओमेगा नावाचा तिसरा कोन हाताशी लागतो. हाताला मनगट होतंच, त्यात कोपराची भर पडली असं समजा. या कोपरामुळे फांदी किती लांबवर झुलेल ते ठरतं.

आपल्या ग्लायकनमध्ये असे सहा बंध होते आणि त्यांपैकी दोन १→६ चे, म्हणजे सहाव्या कार्बनवरून जोडलेले. म्हणजे एकूण चौदा टॉर्शन कोन. त्यातल्या बारांनी फारसा त्रास दिला नाही. हे प्रकरण उरलेल्या दोन ओमेगांचं आहे.

सुरुवातीचे दोन निर्णय

पहिला निर्णय सुरुवातीच्या रचनेचा. ग्लायकन शून्यातून बांधायचा की स्फटिकरचनेतून उचलायचा? शर्करांचा क्रम दिला की त्रिमितीय रचना बांधून देणारी ग्लायकॅम-वेबसारखी साधनं आहेत आणि ती आदर्श कडी, नेहमीचे कोन घेऊन काम करतात. गटाने स्फटिकरचना घेतली. कारण साधं होतं: ती प्रयोगातून आलेली होती, आणि लेक्टिनच्या खाचेत ग्लायकन कसा बसतो ते त्यात आयतंच दिसत होतं.

हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण तो फार पटकन झाला. स्फटिकात ग्लायकनची टोकं बहुधा हलती असतात आणि तिथली इलेक्ट्रॉन घनता (अणू कुठे आहेत ते दाखवणारा स्फटिकातला नकाशा) पुसट दिसते. पुसट घनतेत मॉडेल बसवताना कडं वेडंवाकडं व्हायला वेळ लागत नाही. पीडीबी या रेणूरचनांच्या सार्वजनिक संग्रहातल्या कर्बोदकं असलेल्या नोंदींपैकी सुमारे ३० टक्क्यांत काही ना काही चूक असल्याचं २००४ च्या एका पाहणीत दिसलं होतं. २०२० मध्ये पीडीबीने कर्बोदकांची नावं आणि मांडणी सगळ्या नोंदींमध्ये एकसारखी केली, पण त्याने कुणी वाकडं बसवलेलं कडं सरळ होत नाही.

विद्यार्थिनीने नावं मात्र नीट तपासली. पीडीबीत अल्फा मॅनोजला एमएएन आणि बीटा मॅनोजला बीएमए असे संकेत आहेत. ग्लायकनच्या गाभ्यातलं मॅनोज बीटा असतं आणि नवखा माणूस तिथेही एमएएन लिहून मोकळा होतो. इथे ते बरोबर होतं. एनएमआरच्या माणसांनी कोन हायड्रोजन धरून दिले होते, स्फटिकवाल्यांनी कार्बन-ऑक्सिजन धरून. या दोन पद्धतींत साधारण १२० अंशांचा फरक पडतो. तोही पहिल्याच आठवड्यात ध्यानात आला आणि निस्तरला गेला.

दुसरा निर्णय साधनांचा. शर्करेसाठी ग्लायकॅम०६ हे फोर्स फील्ड (अणूंमधली बळं काढायची सूत्रं आणि आकडे) घेतलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे फोर्स फील्ड अँबर या सिम्युलेशन प्रोग्रामच्या कुळातलं आहे आणि अँबरच्या प्रथिनांच्या फोर्स फील्डबरोबर ते चालतं. ग्लायकॅममध्ये प्रत्येक शर्करेला तीन अक्षरी नाव असतं आणि त्यातलं पहिलं अक्षर ती शर्करा कुठून कुठून जोडलेली आहे ते सांगतं. टोकाचं अल्फा मॅनोज ०एमए, तिसऱ्या आणि सहाव्या जागी फांद्या असलेलं गाभ्यातलं बीटा मॅनोज व्हीएमबी. फाइल अँबरच्या साधनाने तयार झाली. पण गटाच्या जीपीयू यंत्रांवर सगळं काम ग्रोमॅक्स या दुसऱ्या प्रोग्राममध्ये चालायचं, त्यामुळे ती फाइल रूपांतर करून ग्रोमॅक्समध्ये आणली. प्रथिनांच्या कामासाठी जो साचा वर्षानुवर्षं वापरात होता, त्यातच ती बसवली. हा निर्णय होता असं तेव्हा कुणाला वाटलंही नाही.

पेच

मोकळा ग्लायकन पाण्यात सोडून लांबलचक सिम्युलेशन (अणूंच्या हालचाली पायरीपायरीने गणून काढणं) झालं आणि एनएमआरशी ताळा घेतला. फाय-सायचे नकाशे छान जुळले. ओमेगा जुळेना.

ओमेगाच्या तीन जागा असतात: उणे ६० अंशांच्या आसपास जीजी, अधिक ६० जवळ जीटी आणि १८० जवळ टीजी. ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये पाण्यात जीजी आणि जीटी या दोघांतच जवळजवळ सगळी वाटणी होते, टीजीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. गॅलॅक्टोजमध्ये चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजन उलट बाजूला असतो, म्हणून तिथे जीटीच्या मागोमाग टीजी येतो आणि जीजी मागे पडतो.

ही वाटणी एनएमआरमध्ये थेट दिसत नाही, ती जे-कपलिंगवरून, म्हणजे शेजारच्या अणूंच्या संकेतांचा एकमेकांवर पडणारा प्रभाव मोजून, काढावी लागते. पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन आणि सहाव्यावरचे दोन हायड्रोजन यांच्यात दोन कपलिंग मोजता येतात. जीजी असेल तर दोन्ही लहान. जीटी असेल तर त्यातलं एक, ज्याला आर म्हणतात ते, १० हर्ट्झच्या आसपास जातं. टीजी असेल तर दुसरं मोठं होतं. रेणू जागा झपाझप बदलत असल्याने हाती येते ती सरासरी. प्रयोगातलं आर कपलिंग मधलं होतं, म्हणजे जीजी आणि जीटी दोन्ही भरपूर. सिम्युलेशनमध्ये जवळजवळ सगळा वेळ जीटी. गाभ्यातल्या फांदीतही तेच, बाहेरच्या फांदीतही तेच.

शिवाय बाहेरच्या फांदीच्या टोकाला असलेल्या मॅनोजचे काही एनओई, म्हणजे जवळच्या दोन हायड्रोजनमधलं अंतर सुचवणारे एनएमआरचे संकेत, जुळत नव्हते. एनओईची तीव्रता अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात पडते, म्हणून थोडं अंतर चुकलं तरी आकडा बराच हलतो. हे दोन्ही बिघाड एकाच कारणाचे असतील असं गटाने धरलं. तसं ते नव्हतं, पण ते पुढे.

आणखी एक खूण आधीपासून टेबलावर पडून होती. लेक्टिनसकट केलेल्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये बाहेरची फांदी लेक्टिनच्या कडेच्या एका खोबणीत टेकलेली दिसायची. त्यावर भरवसा ठेवून प्रयोगशाळेने खोबणीतलं एक अमिनो आम्ल बदलून पाहिलं होतं. आयटीसीत पकड जराही सैल झाली नाही. तेव्हा सगळ्यांनी असं समजून घेतलं की हा संपर्क दुबळा असावा, मोजमापात पकडला गेला नसावा. प्रयोग मॉडेलच्या विरोधात बोलतोय ही शक्यता कुणी मोठ्याने उच्चारली नाही.

पर्याय

इथे चार वाटा समोर होत्या आणि बैठकीत चारही मांडल्या गेल्या.

अजून वेळ चालवणं हा सगळ्यात सोपा. शर्करांच्या सिम्युलेशनमध्ये काही बिघडलं की पहिला संशय सॅम्पलिंगवर, म्हणजे रेणूच्या सगळ्या ठेवणी पुरेशा वेळा पाहून झाल्या का यावर, जातो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. १→६ बंधात ओमेगा एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला कधी काही नॅनोसेकंद, कधी शंभरावर नॅनोसेकंद घेतो. पायरी दोन फेम्टोसेकंदांची असताना तेवढ्यासाठीही कोट्यवधी पायऱ्या चालाव्या लागतात. शिवाय हा पर्याय कुणालाच दुखवत नाही: कुणाचं काही चुकलेलं नसतं, फक्त यंत्राने अजून थोडं चालायचं असतं.

दुसरी वाट सॅम्पलिंग जोराने वाढवण्याची: रेप्लिका एक्स्चेंज, मेटाडायनॅमिक्स अशा, रेणूला अडथळे पटकन ओलांडायला लावणाऱ्या पद्धती. यातून उत्तर लवकर मिळालं असतं. पण फोर्स फील्डच चुकीचं चालत असेल तर चुकीचं उत्तर लवकर मिळालं असतं.

तिसरी, फोर्स फील्डच बदलायचं. चार्म३६ या दुसऱ्या फोर्स फील्डमध्ये कर्बोदकांसाठी चांगले पॅरामीटर आहेत. एनएमआरवाल्यांचा कल याच बाजूला होता. खरं सांगायचं तर ‘तुमचं फोर्स फील्ड बरोबर नाही’ हे वाक्य सिम्युलेशन करणाऱ्याला ऐकायची सवय असते.

चौथी सगळ्यात मोहात पाडणारी. सिम्युलेशनमधल्या प्रत्येक ठेवणीला असं वजन द्यायचं की सरासरी एनएमआरशी जुळेल. पद्धत शास्त्रीय आहे, तिच्यामागचं संख्याशास्त्र भक्कम आहे आणि निकाल देखणा येतो. पण जीजीच्या ठेवणी सिम्युलेशनमध्ये मुळातच थोड्या होत्या, म्हणजे त्या मोजक्या चौकटींवर (सिम्युलेशनमधल्या क्षणचित्रांवर) प्रचंड वजन टाकावं लागलं असतं. आणि आकडा जुळला की मूळ कारण शोधायला कोण बसणार? गटप्रमुखांनी हा पर्याय बाजूला ठेवला. मला या प्रकरणातला त्यांचा सर्वात चांगला निर्णय हा वाटतो, कारण लेख पूर्ण करायची घाई असतानाचा तो आहे.

निवड पहिल्या पर्यायाची झाली, पण एक अट घालून. एकच रन लांबवण्याऐवजी तीन वेगळे रन वेगवेगळ्या ठिकाणून सुरू करायचे: एक दोन्ही ओमेगा जीजीत ठेवून, एक दोन्ही जीटीत, एक मिसळ.

काय केलं

तिन्ही रन काही काळ आपापल्या जागी रेंगाळले आणि मग सगळे जीटीकडे सरकले. वाटणी तिघांत जवळजवळ सारखी आली. त्या दिवशीचा संवाद मला आठवतो तो असा.

“सर, अजून एक मायक्रोसेकंद टाकते. जीजी येईल.”

“तिघं तीन ठिकाणून निघाले ना? मग एकाच ठिकाणी कसे पोचले?”

“म्हणजे सॅम्पलिंग झालंय.”

“झालंय. उत्तर चुकलंय. आता एकच साखर घे.”

हा वळणाचा क्षण होता. तीन वेगळ्या सुरुवातींतून एकच उत्तर आलं म्हणजे अपुऱ्या वेळेचा संशय संपला. आता बिघाड एक तर फोर्स फील्डच्या पॅरामीटरमध्ये, नाही तर ते ज्या पद्धतीने चालवलं जात होतं त्यात. सात शर्करांचा ग्लायकन घेऊन यातला फरक कळला नसता. एका शर्करेवर कळणार होता.

विद्यार्थिनीने दोन छोटे रेणू घेतले: मिथाइल अल्फा ग्लुकोपायरॅनोसाइड आणि मिथाइल अल्फा गॅलॅक्टोपायरॅनोसाइड. दोन्हींचं एनएमआर अनेकांनी अनेकदा केलेलं आहे आणि ग्लायकॅम घडवणाऱ्यांनी ते दोन्हींवर तपासलेलं आहे. एकच का नाही घेतला? कारण एकाच रेणूवर उत्तर योगायोगाने बरोबर येऊ शकतं. ग्लुकोजमध्ये जीजी-जीटीची जोडी लागते, गॅलॅक्टोजमध्ये जीटी-टीजीची. जे फोर्स फील्ड दोन्ही एकाच वेळी बरोबर देतं, त्याचं संतुलन खरंच नीट आहे असं मानायला आधार मिळतो. पाण्याची पेटी एवढीशी असते की असं सिम्युलेशन साध्या यंत्रावर रातोरात होतं.

दोन्ही रेणूंत वाटणी बिघडलेली निघाली. ग्लायकॅमची जी वाटणी ग्लायकॅमच्याच निर्मात्यांनी प्रसिद्ध केली होती, तीही येत नव्हती. म्हणजे पॅरामीटर कागदावर बरोबर होते आणि यंत्रात काहीतरी वेगळंच चाललं होतं.

पुढचं पाऊल मला या सगळ्यात सर्वात उपयोगी वाटतं, आणि ते करायला सिम्युलेशन लागतच नाही. एकच ठेवण घ्यायची, एकही पायरी न चालवता तिची ऊर्जा अँबरमध्ये काढायची आणि तीच ठेवण ग्रोमॅक्समध्ये घालून तिथेही काढायची. मग दोन्हीकडचे आकडे ओळीने समोरासमोर ठेवायचे. अँबर किलोकॅलरीत बोलतं, ग्रोमॅक्स किलोज्यूलमध्ये, म्हणून ४.१८४ ने गुणायचं. बंधांची ऊर्जा जुळली. कोनांची जुळली. टॉर्शनची जुळली. दूरच्या अणूंमधल्या विद्युत ऊर्जेत बारीकसा फरक होता, पण तो अपेक्षित होता, कारण दोन्ही प्रोग्राम विद्युत स्थिरांक किंचित वेगळा धरतात. जुळल्या नाहीत त्या फक्त दोन ओळी: १-४ जोड्यांची विद्युत ऊर्जा आणि १-४ जोड्यांची लेनार्ड-जोन्स ऊर्जा (विद्युतभाराखेरीजच्या ओढीची आणि रेट्याची). पहिल्या ओळीत अँबरचा आकडा ग्रोमॅक्सच्या बरोबर १.२ पट होता. दुसऱ्या ओळीत बरोबर दुप्पट.

फोर्स फील्डशी रोजचा संबंध असलेल्याला हे दोन आकडे दिसताच कळतं की पाणी कुठे मुरतंय. तीन बंधांच्या अंतरावर असलेल्या अणूंना १-४ जोडी म्हणतात. अँबरच्या प्रथिनांच्या फोर्स फील्डमध्ये अशा जोड्यांमधलं विद्युत बळ १.२ ने आणि लेनार्ड-जोन्स २ ने भागायचं असतं. ग्लायकॅममध्ये भागायचं नसतं, दोन्ही गुणक १. अँबरच्या जुन्या आवृत्त्यांत अख्ख्या प्रणालीला एकच गुणक असायचा. नंतर तो प्रत्येक टॉर्शनसोबत वेगळा लिहिण्याची सोय झाली आणि प्रथिन व शर्करा एकाच फाइलमध्ये सुखाने नांदू लागले. ग्रोमॅक्सच्या नेहमीच्या मांडणीत मात्र हे गुणक फाइलच्या सुरुवातीला, डिफॉल्ट्स नावाच्या विभागात, सगळ्यांसाठी एकदाच लिहिले जातात. गटाच्या जुन्या साच्यात तिथे ०.५ आणि ०.८३३३ होतं. प्रथिनासाठी अगदी बरोबर.

शर्करेत हे इतकं का बोचतं, याचं उत्तर किर्शनर आणि वूड्स यांनी २००१ मध्येच मांडलेलं आहे. ओमेगा फिरतो तेव्हा सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन दोन ऑक्सिजनच्या जवळ-लांब होतो: कड्यातला ऑक्सिजन आणि चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजन. पहिल्याशी त्याची जोडी १-४ ची, दुसऱ्याशी १-५ ची. १-४ ची ओढाताण भागून कमी केली आणि १-५ ची तशीच ठेवली, तर तराजूच्या एकाच पारड्यातलं वजन काढल्यासारखं होतं. जीजी आणि जीटीमधला ऊर्जेचा फरक मुळात इतका थोडा आहे की एवढंसं असंतुलन वाटणी फिरवायला पुरतं. फाय आणि सायवर याचा परिणाम कमी जाणवला आणि म्हणूनच नकाशे जुळलेले दिसत राहिले.

यात कुठलाही इशारा येत नाही, हा भाग मला अजूनही खटकतो. प्रोग्राम अडखळत नाही, ऊर्जा स्थिर राहते, तापमान-दाब नीट असतात. फाइल दोन्ही बाजूंनी वैध असते.

दुरुस्तीसाठी दोन मार्ग होते. सगळं काम अँबरमध्ये हलवायचं, किंवा ग्रोमॅक्सच्या फाइलमध्ये शर्करेच्या प्रत्येक १-४ जोडीला तिचा गुणक स्वतंत्र लिहायचा. ग्लायकन लेक्टिनला सहसंयुज बंधाने जोडलेला नव्हता, त्यामुळे प्रथिन आणि शर्करा यांच्यामध्ये १-४ जोडी येतच नव्हती आणि दुसरा मार्ग सोपा झाला. ग्लायकन प्रथिनाच्या ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाला जोडलेला असता तर त्या सांध्यावर जास्त जपून वागावं लागलं असतं. दुरुस्त फाइलची ऊर्जा पुन्हा ओळीने ताडून पाहिली, मग दोन्ही छोटे रेणू, मग ग्लायकन.

ओमेगा जुळला. दोन्ही फांद्यांत जीजी आणि जीटी दोन्ही आले आणि कपलिंग प्रयोगाच्या जवळ गेली. टोकाच्या मॅनोजचे एनओई मात्र तसेच चुकत राहिले.

आता कड्याकडे पाहायची पाळी आली. कड्याचा आकार मोजायला क्रेमर आणि पोपल यांनी १९७५ मध्ये दिलेली पद्धत आहे. तिच्यातला थीटा हा कोन शून्याजवळ असेल तर कडं नेहमीच्या ४सी१ खुर्चीत (खुर्चीसारख्या वाकलेल्या आकारात), १८० जवळ असेल तर उलट्या १सी४ खुर्चीत, मध्ये ९० च्या आसपास नावा आणि पिळलेले आकार. डी-मॅनोज पाण्यात ४सी१ मध्ये असतं. टोकाच्या मॅनोजचा थीटा १८० च्या बाजूला होता, अगदी पहिल्या चौकटीपासून. खुर्ची उलटायला ओलांडावा लागणारा अडथळा मोठा आहे, साध्या सिम्युलेशनमध्ये ती मायक्रोसेकंदांत उलटली तर उलटली. उलटं बसलेलं मॅनोज शेवटपर्यंत उलटंच बसून होतं.

हे एनएमआरच्या कपलिंगमध्येही दिसत होतं, फक्त कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. सरळ खुर्चीत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कार्बनवरचे हायड्रोजन उभे असतात आणि त्यांच्यातली कपलिंग मोठी येतात. उलट्या खुर्चीत ती लहान यायला हवीत. प्रयोगात ती मोठी होती.

स्फटिकाची मूळ माहिती पुन्हा उघडली तेव्हा त्या मॅनोजची घनता पुसट दिसली. शर्करांची कडी आणि त्यांचा घनतेशी मेळ तपासणारं प्रायव्हेटिअर हे साधन चालवलं, त्यानेही त्याच शर्करेवर बोट ठेवलं. स्फटिकवाल्यांनी तक्रार न करता ते मॅनोज सरळ खुर्चीत पुन्हा बसवलं. घनतेत ते आधीइतकंच, कदाचित थोडं बरं बसलं.

निष्पन्न

ग्लायकन नव्याने बांधला, लेक्टिनमधल्या नीट दिसणाऱ्या शर्करांवर टेकवून बसवला आणि सगळे रन पुन्हा झाले. आधीचं सगळं सिम्युलेशन टाकून द्यावं लागलं.

मोकळ्या ग्लायकनचं चित्र आता एनएमआरशी दोन्ही अंगांनी जुळलं. लेक्टिनमधलं चित्र बदललं. बाहेरची फांदी खोबणीत टेकेनाशी झाली, बराच वेळ ती पाण्यात झुलत राहिली. म्हणजे आयटीसी पहिल्यापासून खरं बोलत होतं: खोबणीत संपर्कच नसेल तर तिथला बदल जाणवणार कसा? गाभ्याजवळच्या फांदीचे संपर्क टिकले, त्यांच्यावर बेतलेल्या बदलांनी पुढे पकड खरंच सैल केली. लेखातली खोबणीची आकृती काढून टाकली गेली.

बंधनाची मुक्त ऊर्जा, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, काढून द्यावी असा आग्रह होता, तो गटाने मानला नाही. टीआयपी३पी या पाण्याच्या मॉडेलबरोबर ग्लायकॅमच्या शर्करा एकमेकींना वाजवीपेक्षा जास्त चिकटतात हे माहीत आहे. प्रथिन-शर्करा संपर्कांतही तसं काही होत असेल तर आकडा फसवा येणार, आणि आकडा एकदा छापला की त्याच्या भोवतीच्या अटी कुणी वाचत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ऊर्जेचा ओळीने ताळा रूपांतर झालं त्याच दिवशी घ्यायला हवा होता. त्याला काही मिनिटं लागतात. गटात तो प्रथिनांसाठी एकदा घेतला गेला होता आणि साचा तपासलेला आहे या भरवशावर पुन्हा घेतला गेला नाही. साचा तपासलेलाच होता, पण ज्याच्यासाठी तपासला होता ती गोष्ट वेगळी होती.

कड्याचा थीटा पहिल्या चौकटीवर पाहणं हे तर त्याहून सोपं. आता त्या गटात ग्लायकन कुठूनही आला तरी प्रत्येक कड्याचा थीटा, प्रत्येक ॲनोमर (अल्फा की बीटा) आणि प्रत्येक जोड यांची एक तक्ता-फाइल आधी बनते. ॲनोमरसाठी ते एनएमआरवाल्यांकडून कार्बन-हायड्रोजनचं एकबंधी कपलिंगही मागून घेतात, कारण मॅनोजमध्ये अल्फा असेल तर ते १७० हर्ट्झच्या आसपास आणि बीटा असेल तर १६० च्या आसपास येतं आणि शंकेला जागा उरत नाही.

दोन बिघाडांना एकच कारण धरलं, त्याचं काय? माझ्या मते तिथे गटाकडे दुसरा इलाज नव्हता. पहिली दुरुस्ती होईपर्यंत दुसरा बिघाड वेगळा दिसणं अवघडच होतं. पण आयटीसीचा निकाल बाजूला सारणं टाळता आलं असतं. तो प्रयोग मॉडेलच्याच सांगण्यावरून केला होता, आणि त्याचं उत्तर नकारार्थी आल्यावर मॉडेल तपासायला घेणं हे बैठकीच्या टिपणात यायला हवं होतं. टिपणात नोंद आहे ती मोजमापाच्या संवेदनशीलतेबद्दल.

सुरुवातीला स्फटिकरचना वापरणं मी आजही चूक मानत नाही. नीट दिसणाऱ्या शर्करा स्फटिकातून आणि पुसट दिसणाऱ्या साधनातून बांधून, अशी सरमिसळ केली असती तर खुर्चीचा प्रश्न आलाच नसता. घनता शर्करागणिक पाहावी लागते, आणि मॉडेलिंगवाले बहुधा फक्त निर्देशांकांची फाइल उतरवून घेतात.

वजनं देऊन जुळवून घेण्याची पद्धत दुरुस्तीनंतर गटाने वापरली. बाहेरच्या फांदीत वजनं जवळजवळ हललीच नाहीत. गाभ्यातल्या १→६ बंधात थोडी हलली, पण किती, हे कपलिंगवरून वाटणी काढण्यासाठी, कोन आणि कपलिंग यांचं नातं सांगणारं कार्प्लसचं कोणतं समीकरण घ्यायचं यावर अवलंबून निघालं. कपलिंग दोन, वाटणीचे आकडे तीन, आणि तिघांची बेरीज एक ही अट. एवढ्या माहितीत समीकरणातला लहानसा फरकही टीजीचा वाटा वर-खाली करतो. त्या एका बंधाबद्दल गटप्रमुख आणि एनएमआरवाले यांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि लेखात दोन्ही समीकरणांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी दिले आहेत.